कलमातला भेद काढाल, पण उंबरठ्याचं काय?

प्रश्न असा आला आहे: "बालमजुरीचे कायदे मुलगा-मुलगी दोघांना सारखेच लागू व्हावेत, असं निवेदन आमचा गट तयार करतो आहे. कायद्यात असा भेद मुळात आहे का? असेल तर तो काढायला मसुद्यात काय लिहायचं? आणि त्या नादात मुलींना मिळणारं जादा संरक्षण जाणार तर नाही ना?"

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण निवेदनं बहुधा तिथेच फसतात.

संरक्षण जाऊ शकतं. दोन वयोमर्यादा वेगळ्या असल्या की त्या सारख्या करायला दोन वाटा असतात: खालची वर न्यायची, नाहीतर वरची खाली ओढायची. मी काही वर्षं कामगार तपासणीत आणि पुढे नियमांचे मसुदे तयार करण्यात घालवली. एका बैठकीत रात्रीच्या कामाचं कलम पुढ्यात होतं. मुलग्यांना १६ नंतर मुभा, मुलींना १८ नंतर. एका सद्गृहस्थांनी सुचवलं, "दोघांना १६ करून टाका, झाली समानता." मिनिटभर कुणालाच त्यात खोट दिसेना. शब्दशः पाहिलं तर समानता झालीच होती. फक्त १६-१७ वर्षांच्या सगळ्या मुलींची रात्र कायदेशीररीत्या कामाला जुंपली गेली असती.

न्यायालयात गेल्यानेही ही दिशा आपोआप ठरत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात पूर्वी मुलगी १८ व्या वर्षी सज्ञान व्हायची आणि मुलगा २१ व्या. मुलग्याला पुढे घर चालवायचं आहे, त्याला शिकायला वेळ हवा, असं समर्थन होतं. घटस्फोटित बापाने मुलगी १८ ची होताच तिच्या पालनपोषणाचे पैसे थांबवले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९७५ च्या 'स्टँटन विरुद्ध स्टँटन' निकालात न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. पण मग दोघांना १८ लावायचं की २१, हे मात्र राज्यावर सोपवलं. म्हणून निवेदनात 'समान' एवढंच लिहून थांबू नका. 'दोघांपैकी ज्याला अधिक संरक्षण आहे, ते दोघांना' असं लिहा. एवढं एक वाक्य जागेवर असलं तर अर्धं काम झालं.

आता पहिला प्रश्न. भेद आला कुठून?

ब्रिटनचा १८३३ चा फॅक्टरी कायदा पाहिला तर त्यात मुलांच्या बाबतीत मुलगा-मुलगी असा फरक नव्हता. कापडगिरण्यांत ९ वर्षांखालच्यांना बंदी, ९ ते १३ ला तासांची मर्यादा, १८ खालच्यांना रात्रीचं काम नाही. फरक ठळकपणे आला तो खाणींच्या कायद्यात. ४ जुलै १८३८ ला यॉर्कशायरमधल्या हस्कर खाणीत वादळी पावसात ओढा फुटून पाणी आत घुसलं आणि बाहेर पडू पाहणारी २६ मुलं बुडाली. त्यात १५ मुलगे होते आणि ११ मुली. पाण्याने कुणाला निवडून घेतलं नव्हतं. पुढे चौकशी आयोग बसला, १८४२ मध्ये अहवाल आला, आणि समाजात खरी खळबळ उडाली ती कमरेला साखळी बांधून, अर्ध्या कपड्यांत, पुरुषांबरोबर कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुलींच्या चित्रांनी. त्याच वर्षीच्या कायद्याने भूमिगत कामातून सगळ्या स्त्रिया, कुठल्याही वयाच्या, बाहेर काढल्या. मुलग्यांना मात्र बंदी होती ती १० वर्षांपर्यंतच. म्हणजे दहा वर्षांची बहीण वर आली आणि दहा वर्षांचा भाऊ खालीच राहिला. १८६० मध्ये ही मर्यादा १२ झाली, तीही लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाला सूट ठेवून.

इथे एक गोम आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलीला कायद्याने मूल म्हणून वाचवलं नाही, बाई म्हणून वाचवलं. १८४४ च्या ब्रिटिश फॅक्टरी कायद्याने तर प्रौढ स्त्रियांनाच 'तरुण व्यक्तीं'च्या, म्हणजे १८ खालच्यांच्या रांगेत बसवलं. तेव्हापासून मुलगी दोन शिक्के घेऊन वावरते: एक वयाचा, एक लिंगाचा. मुलगा मोठा झाला की त्याच्यावरची बंधनं गळून पडतात. मुलगी मोठी झाली की वयाचा शिक्का जातो, दुसरा राहतो. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वॉशिंग्टनमधल्या पहिल्याच परिषदेत हे अगदी शेजारी-शेजारी दिसतं. किमान वयाचा करार क्रमांक ५ दोघांना १४ वर्षं म्हणतो, कुठलाही फरक नाही. करार क्रमांक ६ तरुणांना रात्रीच्या कामापासून वाचवतो, तोही दोघांना. आणि करार क्रमांक ४ स्त्रियांना रात्रीच्या कामाची बंदी करतो, वय काहीही असो.

रस्त्यावरच्या विक्रीचे अमेरिकी कायदे या वृत्तीचा आणखी सरळ नमुना आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये १२ खालच्या मुलग्याने आणि १८ खालच्या मुलीने रस्त्यात वर्तमानपत्रं-मासिकं विकायची नाहीत, असा नियम होता. सहा वर्षांचा फरक! १९४४ मध्ये 'प्रिन्स विरुद्ध मॅसॅच्युसेट्स' या खटल्यात हाच नियम सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नऊ वर्षांच्या मुलीला तिची पालक असलेली मावशी धार्मिक पत्रिका वाटायला संध्याकाळी रस्त्यावर घेऊन गेली होती. वाद झाला तो धर्मस्वातंत्र्यावर आणि पालकाच्या हक्कावर, आणि राज्य जिंकलं. मुलग्याला बाराव्या वर्षी रस्ता मोकळा कसा, यावर निकाल फिरला नाही. खरं तर तेव्हाचा पेपरवाला पोरगा हेच शहरी बालमजुरीचं सगळ्यांना दिसणारं रूप होतं. पण लोकांना तो होतकरू, कष्टाळू वाटायचा आणि त्याच कोपऱ्यावर उभी राहिलेली मुलगी म्हणजे धोक्याची घंटा.

म्हणून मुलींना मिळालेल्या 'जादा संरक्षणा'कडे मी जरा संशयानेच पाहते. त्याची खरी किंमत दोघंही मोजतात. मुलगा मोजतो कारण तो 'काटक' समजला गेला. त्याचं हाड, फुप्फुस, झोप ही १४ व्या वर्षीही पोराचीच असतात, हे कायद्याने विसरायचं ठरवलं. मुलगी मोजते कारण नोंद असलेल्या, तपासणी होणाऱ्या कामातून ती बाहेर पडते आणि कुणी न पाहणाऱ्या कामात जाते. बंदीने काम संपत नाही, पुष्कळदा ते फक्त जागा बदलतं.

भारतातल्या कायद्याचं उदाहरण घ्यायचं तर १९४८ चा कारखाने अधिनियम हाताशी ठेवा. त्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेने घेतली आहे, पण लिंगभेद कसा लपून बसतो हे शिकायला तो उत्तम आहे. किमान वयाचं कलम ६७ दोघांना १४ सांगतं. इथेच वाचन थांबवलं तर 'आपल्याकडे भेद नाही' असा निष्कर्ष निघतो. पुढे चला. कलम ७१ प्रमाणे चौदा वर्षांच्या मुलाला रात्री काम देता येत नाही, पण त्याच वयाच्या मुलीला सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत काम देता येतं. १९८७ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ७० (१अ) तर वाचण्यासारखं आहे: प्रौढासारखं काम करण्याचा वैद्यकीय दाखला मिळालेल्या किशोरांपैकी मुलगी असेल तर, आणि मुलगा १७ पूर्ण नसेल तर, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याबाहेर काम नाही. म्हणजे सतराव्या वर्षी मुलग्याचं बंधन सुटतं, मुलीचं नाही. एक वर्षाचा हा फरक कुठल्या शरीरशास्त्रावर बेतला होता, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी यातून मिळणारी पद्धत साधी आहे. मूळ कायदा वाचून समाधान मानू नका. नियम, अनुसूच्या, अधिसूचना, परवान्याच्या अटी हे सगळं काढा आणि 'मुलगी', 'स्त्री', 'पुरुष', 'मुलगा' हे शब्द जिथे जिथे येतात तिथे खूण करा. उचलायच्या वजनांचे तक्ते हमखास सापडतील. वजनांबाबतचा १९६७ चा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १२७, स्त्रियांना आणि तरुण कामगारांना प्रौढ पुरुषापेक्षा बरीच कमी मर्यादा ठेवायला सांगतो. त्यावरून अनेक ठिकाणी किशोर मुलगा आणि किशोर मुलगी यांचे आकडेही वेगळे लिहिले गेले. माझं मत विचाराल तर वाढत्या वयात दोघांनाही कमी असलेलाच आकडा लावावा. तेरा-चौदाच्या वयात कित्येक मुली वर्गातल्या मुलग्यांपेक्षा उंच असतात, आणि तक्ता मात्र नावावरून वजन ठरवतो.

सर्वनामांवर फार वेळ घालवू नका. भारतात १८९७ च्या सर्वसाधारण कलमे अधिनियमाचं कलम १३ पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरतं. 'तो' च्या जागी 'तो किंवा ती' केल्याने मसुदा नीटनेटका दिसतो, एवढंच.

शरीराशी खरोखर निगडित असलेले मोजके फरक ठेवावे लागतात. गरोदरपण आणि बाळंतपण हे त्यातले उघड. बाकीच्यांसाठी स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ११ (३) उपयोगी पडतं: संरक्षणात्मक कायदे विज्ञानाच्या नव्या माहितीच्या उजेडात वेळोवेळी तपासावेत आणि गरजेप्रमाणे बदलावेत, रद्द करावेत किंवा वाढवावेत. 'किंवा वाढवावेत' हे शब्द लक्षात ठेवा. शिसं मुलीच्या पुढच्या गर्भाला घातक म्हणून तिला बंदी, आणि मुलग्याच्या मेंदूला ते घातक नाही का? मग बंदी वाढवा. भूमिगत खाणकामात जग हळूहळू याच वाटेने आलं. फक्त स्त्रियांना बंदी करणारा १९३५ चा करार क्रमांक ४५ जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने रद्द केला. खाणीत खाली उतरायच्या किमान वयाचा १९६५ चा करार क्रमांक १२३ मात्र वयच पाहतो, आणि ते १६ पेक्षा कमी असता कामा नये असं सांगतो.

इथपर्यंत कागदावरचं झालं. तुमच्या निवेदनात बहुधा नसलेला आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे.

एका तपासणीत शेडमध्ये पाच मुलगे खोक्यांना लेबलं चिकटवताना सापडले. त्यांची वयं, तास, मजुरी, सगळं नोंदलं. शेजारच्या खोलीत काही मुली तीच लेबलं कापून गठ्ठे बांधत होत्या. सोबतचे अधिकारी म्हणाले, "त्या घरच्याच आहेत." अहवालात मुलगे पाच गेले, मुली शून्य. ज्या कायद्याखाली आम्ही गेलो होतो त्यात मुलगा-मुलगी असा भेद करणारा एकही शब्द नव्हता. भेद दोन खोल्यांमधल्या उंबरठ्यावर होता, आणि त्या दिवशी मीही तो ओलांडला नाही.

'घरचं काम' ही सवलत जवळपास प्रत्येक व्यवस्थेत आहे. किमान वयाचा १९७३ चा करार क्रमांक १३८ देखील विकसनशील देशांना स्थानिक वापरापुरतं पिकवणारी, नियमित मजूर न ठेवणारी कौटुंबिक आणि छोटी शेती बाहेर ठेवू देतो. भारतात बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने १४ खालच्यांना सगळ्याच कामांत बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायाला मदत करायची मुभा ठेवली. 'कुटुंबा'त आई-वडील, भावंडंच नव्हे तर आत्या, काका, मावशी, मामाही येतात. भाषा पूर्ण लिंगनिरपेक्ष. पण मुभा ज्या दारातून दिली ते दार कुणाच्या वाट्याला जास्त येतं, हे सांगायला आकडे लागतात, आणि ते आहेत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात १६ कोटी मुलं बालमजुरीत होती: ९.७ कोटी मुलगे, ६.३ कोटी मुली. वरवर पाहता हा प्रश्न मुलग्यांचा वाटतो. पण आठवड्याला २१ तास किंवा त्याहून जास्त घरकाम करणारी मुलं त्यात धरली की मुलगे-मुलींमधली दरी जवळपास निम्म्याने कमी होते. मुली कमी राबत होत्या असं नाही, त्यांचं राबणं रकान्यात बसत नव्हतं. २०२४ चा जागतिक आकडा १३.८ कोटींवर उतरला आहे ही चांगली बातमी. तरी मोजमापाचा हा प्रश्न तसाच उभा आहे.

आता कुणी म्हणेल, आईला भाजी निवडून देणं हीसुद्धा बालमजुरी का? नाही. आणि तसं लिहिलंत तर निवेदन हसण्यावारी जाईल. भांडी घासणारं प्रत्येक पोर पीडित नसतं. पण लहान भावंडं सांभाळायला मुलगी घरी राहिली आणि शाळेचा पट रिकामा पडला, तर ते काम झालं, मजुरी कुणी दिली नसली तरी. म्हणून रेषा मजुरीवर न आखता तासांवर आणि शाळेवर आखा: आठवड्याला ठराविक तासांच्या वर गेलेलं किंवा शाळा बुडवणारं काम, ते घरात असो की बाहेर, पगारी असो की बिनपगारी. याचा उपयोग आईबापांना दंड करण्यासाठी मुळीच नको. अशी मुलगी सापडली की पाळणाघर, शाळेत पुन्हा प्रवेश, कुटुंबाला मदत हे सुरू व्हावं, एवढ्यासाठी ती 'मोजली' जायला हवी.

दुसऱ्याच्या घरातलं घरकाम ही मात्र वेगळी गोष्ट, आणि तिथे कडक व्हायला हरकत नाही. भारतात १० ऑक्टोबर २००६ पासून १४ खालच्या मुलांना घरकामाला ठेवायला बंदी आहे. प्रश्न १४ ते १८ चा आहे. धोकादायक कामांची यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आग, स्फोटकं, खाण, यंत्र असतं, म्हणजे मुलगे जिथे जखमी होतात त्या जागा. परक्या घरात रात्रंदिवस राहणारी पंधरा वर्षांची मुलगी त्या यादीच्या कल्पनेतच येत नाही. खरं तर बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांबाबतच्या १९९९ च्या करार क्रमांक १८२ सोबतची शिफारस क्रमांक १९० लांब तास, रात्रीचं काम आणि मालकाच्या जागेत विनाकारण अडकवून ठेवणं यांना धोकादायक कामाच्या खुणांत धरते. शिवाय करार १८२ चं कलम ७ मुलींच्या विशेष परिस्थितीची दखल घ्यायला सांगतं, आणि ४ ऑगस्ट २०२० ला टोंगाच्या मान्यतेनंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांनी तो मान्य केलेला आहे. तुमच्या मागणीला याहून भक्कम आधार मिळणार नाही.

घरात तपासणी कशी करायची, हा आक्षेप येणारच. घरकामगारांबाबतचा २०११ चा करार क्रमांक १८९ खासगीपणाचा मान राखून, कोणत्या अटींवर घरात प्रवेश देता येईल हे कायद्याने ठरवायला सांगतो. अनुभवाने सांगते, दार ठोठावण्याआधीच बरंच कळू शकतं. शाळेची गैरहजेरी मुलगा-मुलगी अशी वेगळी काढली आणि सलग काही दिवस न आलेल्या मुलींची यादी तपासणी विभागाकडे गेली, तर कुठल्या दाराशी जायचं ते आधी ठरतं. तपासणी पथकात एक तरी बाई हवी, हे नियमातच लिहा. मुली पुरुष अधिकाऱ्याशी बोलत नाहीत असं नाही, पण घरातली माणसं बोलू देत नाहीत.

सुटकेनंतरच्या वागण्यातही दोन कायदे असल्यासारखं दिसतं. मुलगा सुटला की त्याची मजुरी किती थकली याचा हिशोब होतो. मुलगी सुटली की आधी तिचं लग्न कधी, हा विषय निघतो. जिथे विवाहाने अल्पवयीन व्यक्ती सज्ञान ठरते असा नियम आहे, तिथे हे आणखी घातक, कारण लग्नाबरोबर बालमजुरीचं संरक्षणही निघून जाऊ शकतं. म्हणून व्याख्येत 'वैवाहिक स्थिती काहीही असो' हे शब्द घालायला विसरू नका. थकीत मजुरी आणि भरपाईच्या कलमात मुलीचंच नाव खातेदार म्हणून यावं, हेही.

मसुदा म्हणून मी एवढं सुचवेन: "या कायद्यातील व त्याखालील नियमांतील वय, तास, रात्रीचे काम, वजन व धोकादायक कामांविषयीच्या तरतुदी प्रत्येक बालकास व किशोरवयीन व्यक्तीस, लिंग व वैवाहिक स्थिती काहीही असली तरी, सारख्याच लागू राहतील, जेथे सध्या भिन्न मर्यादा आहेत तेथे अधिक संरक्षण देणारी मर्यादा सर्वांस लागू होईल. गरोदरपण व प्रसूती यांविषयीच्या तरतुदींस यामुळे बाध येणार नाही." घरकामाच्या तासांचं कलम आणि लिंगनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर करण्याचं कलम वेगळं ठेवा. तीनही एकाच परिच्छेदात कोंबलीत तर चर्चेत अडचणीचं वाक्य गळतं, आणि गळतं ते नेहमी घरकामाचंच.